दिवे लागतात, पण नेटवर्कचे पोर्ट मरते : डेटा तारांच्या सर्ज संरक्षणाचे गणित

नास (आयर्लंड) : वादळ ओसरल्यानंतरच्या सकाळी घरातले दिवे लागतात, फ्रीज सुरू होतो, राउटरवरचा हिरवा दिवाही नेहमीसारखा चमकू लागतो. परसात उभारलेल्या लाकडी कार्यालयखोलीतला संगणक मात्र काही केल्या नेटवर्कशी जोडला जात नाही. केबल बदलली जाते, राउटर बंद करून पुन्हा सुरू केला जातो, कंपनीच्या मदतकक्षाला फोन होतो. अखेरीस उलगडते ते एवढेच, की स्विचवरचे एक पोर्ट आणि त्याच केबलच्या दुसऱ्या टोकाचे एक पोर्ट अशी दोन छिद्रे निकामी झाली आहेत. बाकी सर्व यंत्र शाबूत आहे.

किल्डेअर परगण्याचे मुख्य ठिकाण असलेल्या या गावाचे नाव मराठी कानाला काहीसे अभद्र वाटते. प्रत्यक्षात स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘नेस’ असा करतात आणि मूळ आयरिश नाव ‘नास ना री’, म्हणजे राजांच्या सभेची जागा, असे आहे. एम-७ महामार्गामुळे डब्लिन जवळ, लीक्सलिपचा इंटेलचा कारखाना जवळ आणि गावालगतच्या मिलेनियम पार्कमध्ये केरी समूहाचे संशोधन केंद्र. त्यामुळे घरून काम करणारा तंत्रज्ञ येथे नवलाचा नाही आणि परसातली कार्यालयखोलीही नाही. मुख्य घरापासून पंधरा-वीस मीटरवरची ती खोली, तिच्याकडे जमिनीखालून गेलेली विजेची केबल आणि तिच्यासोबत किंवा वेगळ्या वाटेने गेलेली निळी-करडी इथरनेट केबल. वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या या मांडणीतच नुकसानीचे बीज असते.

आयर्लंडमध्ये विजांचा कडकडाट तसा विरळाच. येथील वादळे वाऱ्याची. 24 जानेवारी 2025 रोजी आलेल्या ‘एओविन’ वादळाने देशभरातील सुमारे 7 लाख 68 हजार ग्राहकांचा वीजपुरवठा खंडित केला. वीज जाणे ही अडचण असते. धोका असतो तो ती जाताना आणि परत येतानाच्या क्षणांत. झाडाची फांदी तारेला घासते, उपकेंद्रातील स्वयंचलित खटका पडतो, पुन्हा जोडला जातो, पुन्हा पडतो. अशा प्रत्येक उघडझापीत तारांवर क्षणभर दाबाची उसळी येते. तिलाच अभियंते सर्ज म्हणतात.

मेनूथच्या धर्मगुरूंचा धक्का

अशी उसळी का येते, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. नासहून मोटारीने अर्ध्या तासावर, याच परगण्यात, मेनूथ येथे सेंट पॅट्रिक्स कॉलेज आहे. तेथे निसर्गविज्ञान शिकवणारे धर्मगुरू निकोलस कॅलन यांनी 1836 साली प्रवर्तन वेटोळे, म्हणजेच इंडक्शन कॉइल, तयार केले. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे, त्यांवर बारीक तारेचे पुष्कळ वेढे. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह सोडायचा आणि तो एकदम तोडायचा. तोडल्याबरोबर बारीक तारेच्या टोकांशी प्रचंड दाब निर्माण होई. मोजायला साधन नव्हते, म्हणून कॅलन विद्यार्थ्यांनाच धक्का देऊन वेटोळ्याची ताकद अजमावत. पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले विल्यम वॉल्श विद्यार्थिदशेत अशाच एका धक्क्याने बेशुद्ध पडले होते, असे सांगितले जाते. शोधाचे श्रेय मात्र दीर्घकाळ पॅरिसचे उपकरणनिर्माते हाइनरिख रूमकॉर्फ यांच्याकडे राहिले. कॅलन यांची उपकरणे आजही मेनूथच्या विज्ञान संग्रहालयात पाहता येतात.

कॅलन यांच्या वेटोळ्याने दाखवलेले तत्त्व साधे आहे. दाब किती निर्माण होईल हे केवळ प्रवाह किती मोठा आहे यावर ठरत नाही. तो किती वेगाने बदलतो यावर ठरते. आकाशातल्या विजेच्या लोळातील प्रवाह सर्वसाधारणपणे 30 हजार अँपिअरच्या घरातला असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत, चढतो. (मराठीत आकाशातल्या विजेला आणि भिंतीतल्या विजेला एकच शब्द आहे. या लेखापुरती ती अडचण असली, तरी विज्ञानाच्या दृष्टीने भाषेने बरोबरच केले आहे.)

आता परसातली खोली पुन्हा डोळ्यांसमोर आणावी. विजेची केबल एका वाटेने खोलीत जाते, इथरनेटची केबल दुसऱ्या वाटेने परत येते. दोन्ही टोकांना त्या यंत्रांमधून एकमेकींशी जोडलेल्या आहेत. म्हणजे 20 मीटर लांब आणि समजा 2 मीटर रुंद असे एकच वेढा असलेले वेटोळे तयार झाले. 100 मीटर अंतरावर वीज पडली आणि तिचा प्रवाह दर मायक्रोसेकंदाला 10 हजार अँपिअर या गतीने चढला, तर या वेढ्यात सुमारे 800 व्होल्ट दाब उमटतो. वीज 30 मीटरवर पडली तर तोच आकडा 2,600 व्होल्टच्या पुढे जातो. तारेला विजेचा स्पर्शही झालेला नसतो. दोन्ही केबली एकमेकींना लागून, एकाच चरातून नेल्या असत्या तर वेढ्याची रुंदी काही सेंटिमीटर राहिली असती आणि हे दाब त्याच प्रमाणात आकसले असते. घर बांधतानाचा एक फुकटचा निर्णय हजारो व्होल्टचा फरक पाडतो तो असा. दाबाच्या आणि डेटाच्या तारांमध्ये सुरक्षिततेसाठी ठेवावे लागणारे अंतर अर्थातच पाळावे लागते; मात्र ते अंतर मीटरांत नसते.

पोर्टच्या आत काय असते?

इथरनेटच्या केबलमध्ये तांब्याच्या तारांच्या पिळलेल्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील दोन तारांमधला फरक हाच संदेश. एका तारेवर दाब किंचित वर गेला की दुसरीवर तेवढाच खाली जातो. हा फरक एक-दोन व्होल्टांच्या आसपास असतो. गिगाबिट जोडणीत प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी वेळा असे चढउतार होतात.

केबल पोर्टमध्ये शिरते तेव्हा तिची पहिली गाठ पडते ती बोटाच्या पेराएवढ्या ट्रान्सफॉर्मरशी. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे वेढे तांब्याने जोडलेले नसतात. संदेश केवळ चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो. पलीकडे असते तारांवरचे संकेत वाचणारी चिप, जिला या क्षेत्रात ‘फाय’ म्हणतात. इथरनेटच्या मानकानुसार या विद्युतरोधनाने 1500 व्होल्ट एक मिनिट सोसले पाहिजेत. घरातल्या बहुतेक लहानसहान उसळ्या या एका अडसरावरच विरून जातात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही.

येथे एक भेद समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा खेळ त्यावर चालतो. भरतीच्या वेळी धक्क्याला लागलेल्या दोन होड्या एकदमच वर चढतात. दोन होड्यांवरच्या माणसांना एकमेकांच्या उंचीत काहीही फरक जाणवत नाही. धक्क्यावर उभ्या असलेल्याला मात्र दोन्ही वर आलेल्या दिसतात. केबलवर येणारी उसळी बहुधा अशीच, जोडीतील दोन्ही तारांना एकसाथ उचलणारी असते. जमिनीच्या तुलनेत दोन्ही तारा 2 हजार व्होल्टवर जातात, पण त्यांच्या आपसांत फरक शून्यच राहतो. हा सामाईक दाब. त्याला ट्रान्सफॉर्मर पलीकडे जाऊ देत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरला कळतो तो केवळ फरक. याउलट एक होडी वर आणि दुसरी खाली अशी स्थिती आली तर तो झाला अंतरदाब. आणि तो ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने खराखुरा संदेशच असल्याने मोठ्या निष्ठेने पलीकडच्या नाजूक चिपवर पोहोचवला जातो.

म्हणून संरक्षण मंडल रचणाऱ्याचे पहिले कर्तव्य उसळी अडवणे हे नव्हे. सामाईक दाबाचे रूपांतर अंतरदाबात होऊ न देणे हे आहे.

रक्षकच घात करतो तेव्हा

सर्ज संरक्षणाचे घटक मोजकेच आहेत. विजेच्या एक्स्टेन्शन बोर्डात असतो तो व्हॅरिस्टर: स्वस्त आणि दणकट. पण त्याची धारिता शेकडो, कधी हजारो पिकोफॅरड असते. एवढी धारिता गिगाबिटच्या जोडीवर टाकली तर संदेशाचे तीक्ष्ण चढउतार बोथट होतात आणि जोडणीच तुटते. त्यामुळे डेटाच्या तारांवर त्याला जागा नाही.

तेथे येते वायुनलिका, म्हणजे गॅस डिस्चार्ज ट्यूब. चिनी मातीच्या छोट्या डबीत निष्क्रिय वायू आणि दोन विद्युतअग्रे. एरवी ती अस्तित्वात नसल्यासारखीच असते; धारिता जेमतेम एक पिकोफॅरड. दाब मर्यादेपलीकडे गेला की आतला वायू पेटतो आणि ती हजारो अँपिअर जमिनीकडे वाहून नेऊ शकते. दोष एकच, तिला जागे व्हायला वेळ लागतो. सावकाश चढणाऱ्या दाबाला 90 व्होल्टवर पेटणारी नलिका, झपाट्याने चढणाऱ्या उसळीला पाच-सहाशे व्होल्ट होईपर्यंत पेटत नाही.

आता अननुभवी अभियंता काय करतो ते पाहण्यासारखे आहे. तो जोडीतल्या प्रत्येक तारेवर एक अशा दोन स्वतंत्र वायुनलिका बसवतो आणि दोघींची दुसरी टोके अर्थिंगला जोडतो. कागदावर हे निर्दोष दिसते. प्रत्यक्षात कोणत्याही दोन नलिका अगदी एकाच क्षणी पेटत नाहीत. पहिली 520 व्होल्टला पेटून तिची तार जवळजवळ शून्यावर आणते. दुसरी अजून चढतेच आहे. त्या क्षणी दोन तारांमध्ये शेकडो व्होल्टांचा फरक पडतो. जो सामाईक दाब ट्रान्सफॉर्मरने सहज थोपवला असता, त्याचा रक्षकानेच अंतरदाब करून टाकला. संरक्षणाविना जगलेले पोर्ट संरक्षणासह मरते. ट्रान्सफॉर्मरचा इवलासा गाभा चटकन संपृक्त होतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. नाहीतर नुकसान आणखी मोठे झाले असते.

यावर उपाय आहे तीन अग्रांची वायुनलिका. दोन्ही तारा आणि अर्थिंग एकाच डबीत, एकाच वायूत. एका बाजूने वायू पेटला की त्याच ठिणगीने दुसरी बाजूही जवळजवळ तत्क्षणी पेटते आणि दोन्ही होड्या एकदमच खाली येतात. उरलेसुरले ओरखडे टिपायला ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, चिपच्या अगदी लगत, कमी धारितेचे टीव्हीएस डायोड बसवतात. ते नॅनोसेकंदांत जागे होतात, मात्र फार मोठा प्रवाह त्यांना सोसवत नाही. थोडक्यात, बाहेर मंद पण बलदंड पहारेकरी आणि आत चपळ पण किरकोळ बांध्याचा. दोघांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर. क्रम उलटला तर आतला पहारेकरी पहिल्याच फेरीत कोसळतो आणि बाहेरच्याला पेटण्याची संधीच मिळत नाही.

काही निर्माते याच्या अगदी उलट वाट धरतात. वाट करून देण्याऐवजी ते सारा भर अडवण्यावर देतात: अधिक विद्युतरोधनाचा ट्रान्सफॉर्मर, छापील मंडलावर त्याच्याखालून तांबे पूर्ण काढून टाकलेली रिकामी पट्टी, केबलकडचे आणि चिपकडचे भाग एकमेकांपासून लांब. घरात वापरायच्या, अर्थिंग नसलेल्या यंत्रांसाठी हाच मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. जिथे अर्थिंगच नाही, तिथे वायुनलिका उसळी नेऊन सोडणार कुठे?

या बाबतीत ग्राहकाची फसगत नकळत होते. इथरनेट केबलच्या मध्ये बसवायच्या संरक्षक डबीला एक हिरवी-पिवळी तार असते. ती अर्थिंगच्या पट्टीला जोडण्यासाठी असते. प्रत्यक्षात पुष्कळदा ती हवेत लोंबकळत राहते किंवा गुंडाळून डबीमागे खोचली जाते. आयर्लंडमधले तीन पिनांचे प्लग पाहून अर्थिंग मिळालेच, असा समज होतो. परंतु राउटरच्या बहुतेक अडॅप्टरांची ती लांब पिन प्लास्टिकची असते; तिचे काम केवळ सॉकेटची झडप उघडण्याचे.

अर्थिंग असले, तरी त्याच्या तारेची लांबी विसरून चालत नाही. एक मीटर सरळ तारेचे प्रवर्तकत्व ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री धरतात. मायक्रोसेकंदाला हजार अँपिअर या गतीने चढणारा प्रवाह त्या एका मीटरवर 1000 व्होल्ट उभे करतो. तार कितीही जाड घेतली तरी यात फारसा फरक पडत नाही. तीन मीटर लांब, सुबक वळणे घेतलेली अर्थिंगची तार म्हणजे संरक्षकाच्या डोक्यावर ठेवलेले तीन हजार व्होल्ट.

केबलमधून वीजही वाहते तेव्हा

गेल्या दोन दशकांत गुंतागुंत वाढली ती पीओईमुळे, म्हणजे डेटाच्याच केबलमधून यंत्राला वीज पुरवण्याच्या पद्धतीमुळे. 2003 च्या पहिल्या मानकात 15.4 वॉट होते. 2018 च्या मानकाने ही मर्यादा 90 वॉटपर्यंत नेली. छतावरचा वाय-फाय प्रक्षेपक, दारावरचा कॅमेरा, फाटकाचा इंटरकॉम ही सारी यंत्रे आता एका केबलवर चालतात. आणि ती सारी घराबाहेर किंवा घराच्या कडेला असतात, म्हणजे नेमकी उसळीच्या वाटेवर.

पीओईत एका जोडीवर धन आणि दुसऱ्या जोडीवर ऋण दाब असतो. दोन जोड्यांमध्ये 57 व्होल्टपर्यंत फरक कायम राहतो. त्यामुळे जोड्यांच्या दरम्यान बसवलेला संरक्षक 57 व्होल्टला शांत राहिला पाहिजे आणि यंत्रातली वीज घेणारी चिप जळण्याआधी जागा झाला पाहिजे. या चिपची सोसण्याची कमाल मर्यादा सहसा 100 व्होल्ट असते. नेहमी वापरला जाणारा 58 व्होल्टचा टीव्हीएस डायोड पूर्ण भाराखाली दाब 93.6 व्होल्टवर रोखतो. सारी सुरक्षितता उरल्या सहा-सात व्होल्टांत सामावलेली. मंडलावर डायोडपासून चिपपर्यंतची तांब्याची वाट दोन सेंटिमीटर लांबली, तर ही फटही बुजते.

अशा मंडलांची परीक्षा ठरलेली असते. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 61000-4-5 मध्ये कृत्रिम उसळीचे आकार दिले आहेत. इमारतीतल्या तारांसाठी 1.2 मायक्रोसेकंदांत चढून 50 मायक्रोसेकंदांत निम्मी होणारी. बाहेर लांबवर धावणाऱ्या दूरसंचार तारांसाठी 10 मायक्रोसेकंदांत चढून 700 मायक्रोसेकंदांपर्यंत रेंगाळणारी. दुसरी अधिक घातक, कारण तिच्यात ऊर्जा कितीतरी जास्त. 4 हजार व्होल्टच्या उसळीला 40 ओहम रोधातून सोडले की 100 अँपिअर वाहतात. यंत्राच्या माहितीपत्रकावर केवळ ‘6 केव्ही संरक्षण’ असे लिहिलेले असते तेव्हा कोणता आकार, किती रोधातून आणि तारा-अर्थिंगच्या दरम्यान की दोन तारांच्या, हे विचारल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नाही. स्थिर विद्युतच्या ठिणगीचा 6 केव्ही आणि विजेच्या उसळीचा 6 केव्ही यांत ठिणगी आणि वणव्याएवढे अंतर आहे.

दोन अर्थिंग, एक केबल

नासच्या परसातल्या खोलीकडे परतायचे, तर तिथला खरा पेच कोणत्याही डबीत सुटणारा नाही. आयर्लंडमध्ये बहुसंख्य घरांचे अर्थिंग पुरवठ्याच्या न्यूट्रलशी जोडलेले असते. परसातल्या स्वतंत्र खोलीला मात्र कधी मुख्य घराचेच अर्थिंग दिले जाते, तर कधी जमिनीत स्वतःची वेगळी सळई ठोकली जाते. वेगळी सळई असेल तर जवळपास वीज पडल्यावर दोन अर्थिंग वेगवेगळ्या पातळीवर उचलले जातात. 10 हजार अँपिअर प्रवाह 10 ओहमच्या सळईतून जमिनीत गेला तर त्या सळईपाशी लाख व्होल्ट उभे राहतात. घराचे अर्थिंग त्या वेळी जवळजवळ शून्यावर असते. या दोन पातळ्यांना जोडणारी एकमेव बारीक तार म्हणजे इथरनेट केबल. दोन्ही टोकांची पोर्टे एकदम का जातात, याचे उत्तर येथे आहे.

वेष्टित, म्हणजे धातूचे आवरण असलेली केबल वापरली की प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. ते आवरण दोन्ही टोकांना जोडले की दोन अर्थिंग कायमची एकमेकांना बांधली जातात. पुरवठ्याचा न्यूट्रल कुठे तुटला तर घराचा परतीचा प्रवाह त्या पातळ आवरणातून वाहू लागतो. तेव्हा प्रश्न पोर्टचा राहत नाही, आगीचा होतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील फ्रान्स्वा मार्त्झलॉफ यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. 2001 मध्ये त्या संस्थेने सामान्य घरमालकांसाठी ‘सर्जेस हॅपन!’ ही पुस्तिका काढली, तिच्या लेखकांत ते होते. त्यांचे म्हणणे असे, की ज्या यंत्राला दोन बाजूंनी तारा येतात, एक विजेची आणि एक संदेशाची, त्याला धोका उसळीपेक्षाही दोन तारांच्या संदर्भपातळीत पडणाऱ्या फरकाचा असतो. विजेच्या तारेला एका ठिकाणी आणि डेटाच्या तारेला दुसऱ्या ठिकाणी उत्तम संरक्षक बसवले, पण त्यांची अर्थिंग एकमेकांपासून दूर राहिली, तर मधल्या यंत्रातूनच ती तफावत भरून निघते. म्हणून दोन्ही संरक्षक एकाच पेटीत, एकाच अर्थिंगच्या पट्टीवर असावेत. पट्टी जमिनीच्या तुलनेत कितीही उचलली गेली तरी चालते; सारे एकत्र उचलले गेले पाहिजे.

दोन इमारतींच्या मध्ये मात्र सर्वोत्तम संरक्षण मंडल म्हणजे मंडलच नसणे. तेथे तांब्याऐवजी काचतंतू, अर्थात फायबर, टाकावा. दोन्ही टोकांना एकेक रूपांतरक. प्रकाशाला ना अर्थिंगची पातळी कळते, ना चुंबकीय वेढा. पोलादी आधारतार किंवा धातूचे कवच नसलेली केबल निवडली पाहिजे, एवढेच पथ्य. अन्यथा तांबे काढून लोखंड आणल्यासारखे होईल. घरापर्यंत येणारी जोडणी आयर्लंडमध्ये झपाट्याने फायबरची होत असल्याने जुन्या टेलिफोन तारेतून मोडेममध्ये शिरणारी उसळ बऱ्याच घरांतून हद्दपार झाली. शेवटचे वीस मीटर तेवढे घरमालकाने हौसेने पुन्हा तांब्याचे केले आहेत. वितरण पेटीत बसवायच्या संरक्षकाचा विचार 2020 च्या राष्ट्रीय विद्युत मांडणी नियमांत, आय. एस. 10101 मध्ये, आहे. ते काम नोंदणीकृत विद्युत कंत्राटदाराचे; हौशी हाताचे नव्हे.

वळवाच्या पावसातला कॅमेरा

नासमधल्या मराठी वाचकाची दुसरी तार सात-आठ हजार किलोमीटरवर असते. आईवडील गावी एकटे, म्हणून मुलांनी तेथे कॅमेरे बसवून घेतलेले असतात: फाटकावर एक, गोठ्यावर एक, विहिरीच्या पंपाशी एक. स्थानिक कारागीर इथरनेटची केबल घराच्या गच्चीवरून गोठ्याच्या पत्र्यापर्यंत हवेतून ओढतो. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस कोसळतो आणि मोबाइलवरचे चित्र काळे होते. कारागीर नवा कॅमेरा बसवतो. पुढच्या वर्षी तेच.

आयर्लंडच्या घरापेक्षा तेथील परिस्थिती किती तरी कठोर आहे. विदर्भ-मराठवाड्यात विजांचा जोर मान्सूनपूर्व काळात, म्हणजे जमीन सर्वांत कोरडी असताना असतो. काळी माती ओली असताना प्रवाह चांगला वाहून नेते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईशी तिचा स्पर्शच सुटतो. खाली असतो बसाल्टचा कातळ, ज्याचा रोध मुळातच जास्त. पावसाळ्यात मोजलेले चांगले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरते उरते. हवेतून गेलेली तीस-चाळीस मीटरची केबल आणि जमिनीवरून गेलेली पंपाची वायर मिळून होणारा वेढा तर नासच्या परसापेक्षा कितीतरी मोठा.

तेथे यंत्रापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात भारतात वीज पडून 2,887 माणसे मरण पावली. पुण्याच्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. विजा चमकत असताना ‘कॅमेरा का बंद पडला ते जरा गोठ्यात जाऊन बघता का’ असा फोन परदेशातून जाता कामा नये. त्या वेळी तारेला हात लावणे म्हणजे दोन पातळ्यांच्या मध्ये स्वतः उभे राहणे.

कॅमेऱ्यासाठी उपाय तोच, फक्त अधिक निकडीचा. गोठ्यापर्यंत फायबर, किंवा त्याहून सोपे म्हणजे बिनतारी दुवा आणि तेथल्या तेथे मिळणारी वीज. केबल टाळता येत नसेल तर ती लोखंडी पाइपातून, जमिनीलगत, विजेच्या वायरच्या वाटेनेच न्यावी. पाइप दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडावा. आणि घरात शिरण्याच्या जागी संरक्षक बसवून त्याची तार अर्ध्या मीटरच्या आत अर्थिंगच्या पट्टीवर आणावी. सळईजवळ उन्हाळ्यात चार-दोन दिवसांनी बादलीभर पाणी ओतणे, ही जुन्या वायरमनची सवय हास्यास्पद नाही.

संरक्षक एकदा बसवला की तो कायमचा, असेही नसते. वायुनलिका प्रत्येक मोठ्या उसळीनिशी थोडी झिजते आणि तिच्या पेटण्याची मर्यादा सरकते. पण जोडणी पूर्ववत चालू राहत असल्याने बाहेरून काहीच कळत नाही. टीव्हीएस डायोड बहुधा याच्या उलट वागतो. सोसण्यापलीकडची उसळी आली की तो आतून वितळून दोन तारा एकमेकींना जोडून टाकतो, आणि जोडणी तत्काळ बंद पडते. अशा वेळी पोर्ट मेले असे समजून सगळा स्विच टाकून देण्याआधी मधली संरक्षक डबी काढून केबल थेट जोडून पाहावी. ती चालली, तर डबीने आपले काम केले होते. नवी डबी आणून, तिची हिरवी-पिवळी तार पुन्हा त्याच पट्टीवर घट्ट आवळावी.